मुलं मदत मागायला येत नाहीत, तेव्हा मेंटॉर योजनेत काय बदलायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेल्या, पैशांच्या ओढाताणीत शिकणाऱ्या प्रथम वर्षाच्या मुलांसाठी तुम्ही गेल्या वर्षी मेंटॉर योजना सुरू केली. तिसऱ्या वर्षातली चाळीस हुशार मुलं निवडली, प्रत्येकाला एक ज्युनियर नेमून दिला, एका दिवसाचं प्रशिक्षण झालं, फोन नंबर दिले-घेतले गेले. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या सत्रात सहाच जोड्या उरल्या. मेंटॉर म्हणतात, ज्युनियर मेसेजला उत्तर देत नाहीत. ज्युनियर म्हणतात, आम्हाला काही अडचणच नव्हती. आणि वर्ष संपताना त्या चाळीस ज्युनियरांपैकी नऊ जणांनी शिक्षण सोडलं. तुम्ही विचारताय की प्रशिक्षण वाढवावं, मेंटॉरना मानधन सुरू करावं, की ज्यांना गरजच वाटत नाही त्यांच्या मागे लागणं थांबवावं?

मी चौदा वर्षं हे काम करते आहे. पहिली दोन वर्षं स्वतः मेंटॉर म्हणून, पुढे योजना चालवणारी म्हणून. तुमच्या प्रश्नातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली: 'काही अडचणच नव्हती.' माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. तुमची योजना अशा गृहीतकावर उभी आहे की मदत जवळ ठेवली की गरजू माणूस ती मागेल. पण मागायला आधी तीन गोष्टी लागतात. आपल्याला काय येत नाही हे कळायला लागतं, ते विचारलं तर चालतं हे माहीत असायला लागतं, आणि विचारल्यावर आपली किंमत कमी होणार नाही असा भरवसा लागतो. ज्यांच्यासाठी तुम्ही योजना काढलीत, त्यांच्याकडे नेमक्या याच तीन गोष्टी कमी असतात. ज्याच्या घरी आई-वडील शिकलेले आहेत, तो मुलगा मेंटॉरला पहिल्याच दिवशी दहा प्रश्न विचारतो. ज्याला खरी गरज आहे तो 'ठीक आहे' म्हणतो आणि एक दिवस दिसेनासा होतो.

म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकते. प्रशिक्षण आणि मानधन दोन्हींचा उपयोग आहे, पण त्याआधी योजनेची रचना अशी करा की मुलाला मदत मागावीच लागू नये. ती त्याच्या रोजच्या वाटेवर, सगळ्यांसाठी, ठरलेल्या वेळी आणि काहीतरी ठरलेलं काम घेऊन यावी.

हे मला कसं उमगलं ते सांगते. माझ्या योजनेच्या तिसऱ्या वर्षी एक मेंटॉर माझ्याकडे तक्रार घेऊन आली. तिची ज्युनियर दर आठवड्याला ठरल्या वेळी यायची, खुर्चीच्या कडेवर बसायची, बॅग मांडीवर. 'काही अडचण आहे का?' 'नाही ताई, सगळं छान चाललंय.' पाच आठवडे हेच. मेंटॉरला वाटत होतं, आपण दोघी वेळ वाया घालवतोय. मी तिला म्हटलं, पुढच्या भेटीत प्रश्न विचारू नकोस, दोघी मिळून एखादं काम करा. तिने ज्युनियरला म्हटलं, 'मला माझे मेल बघायचेत, तूही तुझे उघड, बसू इथेच.' मुलीने फोन पुढे केला. विद्यापीठाने दिलेला ईमेल तिने एकदाही उघडलेला नव्हता. पासवर्डचा कागद प्रवेशाच्या दिवशी मिळालेल्या पाकिटात तसाच घडी घालून होता. दोघींनी तो पासवर्ड टाकून मेल उघडला. दोनशेच्या वर न वाचलेले मेल. त्यांत एक शुल्कमाफीच्या कागदपत्रांबद्दलचा होता, मुदत दोन दिवसांवर. एक प्राध्यापकांचा होता, पहिल्या गटकार्याच्या गुणांबद्दल, त्यात तिचं नाव कुठल्याच गटात नव्हतं. पाच आठवडे ती वर्गमैत्रिणीच्या फोनवरून सूचना उतरवून घेत होती, आणि त्या मैत्रिणीला ज्या सूचना महत्त्वाच्या वाटत नसत त्या हिच्यापर्यंत पोचतच नसत.

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या दृष्टीने खरंच सगळं छान चाललं होतं. आपल्या नावावर मेलची एक पेटी भरत चालली आहे हेच जिला माहीत नाही, ती त्याबद्दल अडचण काय सांगणार? त्या दिवसापासून आमच्याकडे 'काही अडचण आहे का?' या प्रश्नाने भेट सुरू होत नाही. भेट कामाने सुरू होते आणि अडचण कामातून बाहेर येते.

हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर गणित शिकवणाऱ्या युरी ट्राइसमन यांच्यासमोर असाच प्रश्न होता. कलनशास्त्राच्या, म्हणजे कॅल्क्युलसच्या, पहिल्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात मागे पडत होते. त्यांनी प्राध्यापकांना कारणं विचारली. उत्तरं ठरलेली होती: जिद्द कमी, शाळेतली तयारी कच्ची, घरचा पाठिंबा नाही, गरिबी. मग ट्राइसमननी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी-अमेरिकी विद्यार्थी प्रत्यक्ष कसा अभ्यास करतात ते महिनोन्‌महिने पाहिलं. घरचा पाठिंबा भरपूर होता, जिद्दही होती. फरक होता तो अभ्यासाच्या पद्धतीत. चिनी-अमेरिकी मुलं एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत, कुठे अडलं ते आपसांत बोलत, परीक्षेत काय येईल याचा अंदाज घेत. कृष्णवर्णीय मुलं नेमाने, मेहनतीने, पण एकेकटी अभ्यास करत. अडलं की त्यांना वाटे, फक्त मलाच अडलंय. त्यांच्यासाठी मदत केंद्रं होती, पण तिथे ती जात नसत, कारण त्या केंद्रावर 'कच्च्या मुलांसाठी' असा न लिहिलेला शिक्का होता आणि ही मुलं आपापल्या शाळेत पहिली आलेली होती. ट्राइसमननी उपाय केला तो कठीण गणितांच्या गटाचा. तुम्ही हुशार आहात म्हणून इथे बोलावलंय, असं सांगून. त्या गटांतल्या मुलांची कामगिरी लक्षणीय सुधारली.

तुमच्या योजनेचं नाव काय आहे ते तुम्ही लिहिलं नाही. पण पत्रकावर 'दुर्बल', 'वंचित', 'मागे पडणारे' यांतला एकही शब्द असेल तर तो आजच काढा. निवडीचे निकष कार्यालयाच्या फाइलमध्ये राहू देत. मुलाच्या हातात पडणाऱ्या कागदावर ते नकोत, आणि मेंटॉरच्या तोंडी तर मुळीच नकोत. एकदा आमच्याकडे एका मेंटॉरने वर्गाच्या दारात उभं राहून यादीतली नावं मोठ्याने वाचली, कोणत्या योजनेची ते सांगून. त्यातली दोन मुलं नंतर कधीच आली नाहीत. त्याचा हेतू चांगला होता. यादी कशी वापरायची हे मी त्याला सांगितलं नव्हतं, ती चूक माझी.

याहून चांगला मार्ग म्हणजे मुलं निवडण्याऐवजी विषय निवडणं. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी कॅम्पसवर १९७३ साली डिॲना मार्टिन यांनी सुरू केलेली 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन' ही पद्धत याच विचारावर उभी आहे आणि पुढे ती अनेक देशांत गेली. त्यात धोक्यातला विद्यार्थी शोधत नाहीत, धोक्याचा विषय शोधतात, म्हणजे ज्यात दरवर्षी साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त मुलं नापास होतात किंवा मध्येच सोडतात असा. आदल्या वर्षी तो विषय चांगला पार केलेला विद्यार्थी पुन्हा त्याच तासांना बसतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा गट घेतो. गट सगळ्यांना खुला. त्यामुळे तिथे बसलेलं दिसण्यात लाज नाही; पहिला नंबर काढणाराही तिथेच असतो. तो सिनियर पुन्हा शिकवत नाही. तो मुलांना वही उघडायला लावतो, 'आज सरांनी काय सांगितलं ते तू याला सांग' म्हणतो, आणि उत्तर स्वतः देण्याचा मोह आवरतो.

तर तुमच्या चाळीस जोड्यांचं काय करायचं? मी असते तर जोड्या मोडून गट केले असते. एक मेंटॉर आणि पाच-सहा ज्युनियर. जोडीत एक मोठा तोटा आहे. ज्युनियर आला नाही की भेट रद्द, आणि दोन भेटी रद्द झाल्या की तिसरी ठरवायला दोघांनाही संकोच. गटात एखादा आला नाही तरी भेट होते आणि पुढच्या आठवड्यात त्याला परत यायला जागा असते. शिवाय खरा फायदा मुलांना एकमेकांकडून होतो. 'मलाही ते कळलं नव्हतं' हे वाक्य बरोबरीच्या मुलाच्या तोंडून आलं की त्याचा जो परिणाम होतो, तो सिनियरच्या दहा धीराच्या शब्दांनी होत नाही. अमेरिकेत १९८९ पासून काम करणाऱ्या पॉसी फाउंडेशनची पद्धत याच्याच जवळची आहे: साधारण दहा-दहा मुलांचा गट करून, शिष्यवृत्तीसह, त्यांना एकाच कॉलेजात एकत्र पाठवायचं, म्हणजे अनोळखी ठिकाणी कुणी एकटं पडत नाही. एकेकट्या भेटी मात्र पूर्ण बंद करू नका. काही गोष्टी गटात बोलता येत नाहीत. आम्ही सत्रात दोन वेळा प्रत्येकाशी स्वतंत्र अर्धा तास ठेवतो: पहिल्या चाचणीचे गुण आल्यावर आणि परीक्षेचा अर्ज भरायच्या आधी. सगळ्यांशी, म्हणजे कुणाला वेगळं काढलं असं वाटत नाही.

वेळ हा तुमच्या प्रश्नातला न बोललेला भाग आहे. तुम्ही लिहिलंय की भेटीची वेळ दोघांनी आपापसांत ठरवायची होती. यात सगळं ओझं पुन्हा मुलावरच येतं. यातली कित्येक मुलं कॉलेज सुटल्यावर कामाला जातात, लांबून येतात, घरी धाकट्या भावंडांना सांभाळतात. संध्याकाळी पाचची भेट म्हणजे त्यांच्यासाठी रोजगार बुडवणं. सगळ्यांना लागणाऱ्या एखाद्या तासाला लागून, त्याच इमारतीत, वेळापत्रकातच भेट छापून घ्या. वेळापत्रक करणाऱ्या माणसाशी हुज्जत घालावी लागेल, एखादं सत्र जाईलही. पण चौदा वर्षांत हजेरीवर एवढा परिणाम करणारी दुसरी गोष्ट मी पाहिलेली नाही.

पहिला संपर्क वर्ग सुरू होण्याआधी व्हायला हवा, आणि तो मेंटॉरकडून. मेसेज नको, फोन. घरचं कुणी फोन उचललं तर त्यांच्याशीही दोन शब्द. आईला एकदा कळलं की तिथे एक ताई आहे आणि तिचं नाव अमुक, की पुढे कठीण दिवस आला तर 'परत ये' म्हणण्याआधी ती 'त्या ताईशी बोललीस का?' असं विचारते. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला भेट, त्यानंतर पंधरा दिवसांनी चालेल. उलटं करू नका. वर्षभर सारख्या अंतराने भेटी ठेवल्या तर ज्या काळात मूल तग धरतं की सुटतं हे ठरतं, तो काळ हातातून निघून जातो.

भेटीत करायची कामं साधी असतात. पहिल्या आठवड्यात लॉगिन, मेल, वेळापत्रक. दुसऱ्यात ग्रंथालयात जाऊन प्रत्येकाने आपल्या नावावर एक पुस्तक काढायचं, नुसतं 'हे ग्रंथालय' म्हणून दाखवून यायचं नाही. एका आठवड्यात सगळे मिळून प्राध्यापकांना मेल लिहितात. हे काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. मुलं पहिला मसुदा लिहितात त्यात तीन ओळी माफीच्या असतात, 'त्रास देत आहे, क्षमा असावी, माझंच चुकलं असेल,' आणि प्रश्न कुठेच नसतो. मग मेंटॉर स्वतःचा पहिल्या वर्षातला मेल दाखवतो, तोही असाच. नंतर गट मिळून तो चार ओळींचा करतो: मी कोण, कुठल्या वर्गात, मला काय समजलं आणि कुठे अडलंय, कधी भेटता येईल. आणि तो मेल तिथेच, त्याच वेळी पाठवायचा. घरी जाऊन पाठवतो म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे पाठवतात. पुढच्या भेटीत उत्तरं वाचायची. कुणाला उत्तर आलं नसेल तर त्याचा अर्थ काय हेही बोलायचं, कारण तो मुलगा एव्हाना मनात ठरवून बसलेला असतो की आपण सरांना रागावण्यासारखं काहीतरी लिहिलं. आठवड्याने पुन्हा लिहिलं तर चालतं, तो उद्धटपणा नाही, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

आता मेंटॉर कोण असावेत. तुम्ही गुणांवरून निवडले. गुणवत्ता यादीतली काही मुलं उत्तम मेंटॉर होतात, पण ती गुणांमुळे होत नाहीत. मी मुलाखतीत एकच प्रश्न नेटाने विचारते: 'पहिल्या वर्षी तू कुणाला काय विचारायचं टाळलंस, आणि त्याचं पुढे काय झालं?' ज्याच्याकडे याचं नेमकं उत्तर आहे, तो दुसऱ्याचं टाळणं ओळखतो. एखाद्या विषयात नापास होऊन पुन्हा उभा राहिलेला विद्यार्थी माझ्याकडे नेहमी प्राधान्याने घेतला जातो.

मेंटॉर ज्युनियरसारख्याच पार्श्वभूमीचा असावा का? हे परिस्थितीवर अवलंबून आहे, पण एक अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट कॅम्पसवर टारा डेनेही आणि नीलांजना दासगुप्ता यांनी अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षातल्या १५० मुलींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत विभागलं: मेंटॉर म्हणून सिनियर मुलगी, सिनियर मुलगा, किंवा कुणीच नाही. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिनियर मुलगी मेंटॉर असलेल्यांपैकी एकीनेही पहिल्या वर्षात अभियांत्रिकी सोडली नाही. बाकी दोन्ही गटांत गळती झाली. यातला माझ्या कामाचा भाग असा, की फरक गुणांमुळे पडला नव्हता. मुलींना आपण इथल्याच आहोत असं वाटत राहिलं, म्हणून त्या टिकल्या. तुमचे वरिष्ठ उद्या विचारतील, 'मेंटॉरिंगने टक्के किती वाढले?' तेव्हा हे सांगा. टिकून राहणं हे आधीचं यश आहे, टक्के नंतर येतात आणि कधी येतही नाहीत.

पण सारखी पार्श्वभूमी असून भागत नाही, ती बोलता यायला हवी. निकोल स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. नव्या विद्यार्थ्यांच्या दोन गटांना सिनियर विद्यार्थ्यांचा साधारण तासाभराचा कार्यक्रम दाखवला. दोन्हीकडे सिनियरांनी अडचणी सांगितल्या, काय केलं ते सांगितलं. फरक एवढाच की एका गटासमोर ते आपल्या घरच्या परिस्थितीशी जोडून बोलले: माझे आई-वडील कॉलेजात गेले नव्हते, म्हणून विषय कसे निवडायचे ते मला घरी विचारता येत नव्हतं, म्हणून मी सल्लागाराकडे जास्त वेळा गेलो. हे ऐकलेली पहिल्या पिढीतली मुलं पुढे वर्षभर प्राध्यापकांकडे आणि इतर मदतीकडे जास्त गेली आणि सुशिक्षित घरातल्या मुलांशी असलेलं त्यांच्या गुणांतलं अंतर ६३ टक्क्यांनी कमी झालं. तुमच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणात वेळ द्यायचाच तर इथे द्या. प्रत्येक मेंटॉरने आपली एक गोष्ट तयार करावी, पाच मिनिटांची, आणि तिचा शेवट 'मग मी खूप मेहनत केली' असा नसावा. मेहनत ही मुलं आधीच करतायत. 'मग मी अमुक माणसाकडे गेलो, अमुक शब्दांत विचारलं आणि पुढे असं झालं' असा शेवट हवा. ज्युनियरला उद्या तेच करता आलं पाहिजे.

मानधनाबद्दल माझं मत ठाम आहे: द्या. फुकट काम करायला ज्यांना परवडतं तेच पुढे येतात, आणि ज्यांनी स्वतः ओढग्रस्तीत शिक्षण घेतलं ते संध्याकाळच्या नोकरीमुळे मागे राहतात. म्हणजे तुम्हाला जे मेंटॉर हवेत तेच गळतात. शिवाय मानधन दिलं की तुम्हाला हक्काने नोंदी मागता येतात, बैठकीला बोलावता येतं. रोख देणं अशक्य असेल तर शुल्कात सूट, वसतिगृहात प्राधान्य, श्रेयांक (क्रेडिट), जे तुमच्या हातात असेल ते द्या. प्रमाणपत्र मात्र मानधन नाही.

आणि ज्युनियरच्या पैशांचं काय? इथे मला स्पष्ट बोलायला हवं. तुमच्या नऊ मुलांनी का सोडलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्यातल्या पाच जणांनी फी भरता आली नाही म्हणून सोडलं असेल, तर वर लिहिलेल्या कशानेही ती थांबली नसती. कॅनडातल्या एका विद्यापीठात अँग्रिस्ट, लँग आणि ओरिओपौलोस यांनी केलेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मी यासाठी नेहमी सांगते. प्रथम वर्षाच्या काही मुलांना सिनियर सल्लागार आणि अभ्यासगट दिले, काहींना चांगल्या गुणांसाठी पैसे, काहींना दोन्ही. नुसती सेवा मिळालेल्यांपैकी फार थोड्यांनी ती वापरली. दोन्ही मिळालेल्यांत सेवेचा वापर वाढला, आणि त्या गटातल्या मुलींचे गुण सुधारले, ते पैसे बंद झाल्यावर दुसऱ्या वर्षीही टिकले. मुलांवर, म्हणजे मुलग्यांवर, काहीच परिणाम दिसला नाही. म्हणून मेंटॉर हा शिष्यवृत्तीला पर्याय आहे असं कुणी म्हणू लागलं तर तिथल्या तिथे थांबवा. माझ्या योजनेला खरा आधार मिळाला तो एका छोट्या तातडीच्या निधीमुळे, ज्यातून मेंटॉरच्या एका चिठ्ठीवर परीक्षा शुल्क किंवा प्रवासखर्च दोन दिवसांत मिळतो. मेंटॉरने स्वतःच्या खिशातून द्यायचं नाही, हा नियम. सुरुवातीला हा नियम नव्हता. एका मेंटॉरने तीन ज्युनियरांना मिळून स्वतःच्या फीचे पैसे दिले, आणि ते मला तेव्हा कळलं जेव्हा त्याचंच नाव थकबाकीच्या यादीत लागलं.

त्या मुलाची आठवण मला मेंटॉरांच्या सांभाळाकडे आणते. वीस-एकवीस वर्षांची ही मुलं आहेत. रात्री दीड वाजता ज्युनियरचा फोन येतो, घरी मारहाण होते आहे, किंवा 'मला जगायचंच नाही' असं कुणी म्हणतं. हे होणार, योजना चांगली चालली तर नक्कीच होणार, कारण भरवसा बसल्यावरच लोक बोलतात. पहिल्याच भेटीत मेंटॉरने सांगायचं: 'तू सांगितलेलं मी इकडे-तिकडे बोलणार नाही, पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मी एकटा ते ठेवणार नाही, आमच्या मॅडमना सांगेन.' पूर्ण गुप्ततेचं वचन कधीच द्यायचं नाही. आणि समुपदेशकाकडे पाठवायचं म्हणजे नंबर पाठवायचा नाही, सोबत दारापर्यंत चालत जायचं, बाहेर बसायचं. पंधरा दिवसांतून एकदा सगळ्या मेंटॉरांबरोबर तुम्ही स्वतः दीड तास बसा. त्या बैठकीत मी आकडे विचारत नाही. 'या पंधरवड्यात कुणाची काळजी वाटली?' एवढंच विचारते आणि ऐकते. हे करायला तुमच्याकडे माणूस आणि वेळ नसेल, तर चाळीस मुलांची योजना चालवू नका, बाराची चालवा.

त्याच बैठकीतून आणखी एक गोष्ट हाती लागते. एका वर्षी चार वेगवेगळ्या मेंटॉरांनी एकच तक्रार सांगितली: शुल्कमाफीच्या अर्जावर एक सही लागते, आणि ती देणारी खिडकी फक्त दुपारी दोन तास उघडी असते, नेमकी प्रात्यक्षिकांच्या वेळी. आम्ही मेंटॉरांना 'मुलांना तास बुडवून जायला सांगा' असं शिकवू शकलो असतो. त्याऐवजी मी ती नोंद घेऊन कुलसचिवांकडे गेले, खिडकीची वेळ बदलली, आणि पुढच्या वर्षी तो प्रश्न कुणालाच आला नाही, आमच्या यादीत नसलेल्या मुलांनाही नाही. मेंटॉर जे ऐकतात त्यातलं निम्मं मुलांच्या उणिवेबद्दल नसतं, आपल्या व्यवस्थेबद्दल असतं. ते लिहून ठेवा आणि वर्षातून दोनदा वर पोचवा. यासाठी वरिष्ठांपैकी एकजण तरी तुमच्या बाजूचा हवा. तो मिळेल की नाही हे मी इथून सांगू शकत नाही.

मोजायचं काय, हे तुम्ही शेवटी विचारलंय. किती भेटी झाल्या हे मोजू नका, तो आकडा सगळे भरून देतात. दुसऱ्या सत्रात कितीजणांनी नोंदणी केली, परीक्षेचे अर्ज मुदतीत किती गेले, शिष्यवृत्तीचं नूतनीकरण कितीजणांनी केलं, आणि कितीजण निदान एकदा स्वतःहून प्राध्यापकांना भेटले, हे चार आकडे पुरेत. शक्य असेल तर मागच्या तीन वर्षांचे हेच आकडे आधी काढून ठेवा, नाहीतर तुलनेला काही राहणार नाही.

या सत्रात सगळं जमणार नाही. सुरुवात सोडून गेलेल्या नऊ जणांपासून करा. मेंटॉरकरवी नको, तुम्ही स्वतः फोन करा. परत ये म्हणून आग्रह धरू नका, फक्त विचारा की शेवटचे दोन महिने कसे गेले आणि पहिल्यांदा 'आता नको' असं कधी वाटलं. काहीजण फोन उचलणार नाहीत. जे बोलतील त्यांच्याकडून तुम्हाला कळेल की तुमच्याकडे आधी फीचा प्रश्न सोडवायचा की वेळापत्रकाचा.

मग टिकलेल्या सहा जोड्यांना बोलवा, एकेक करून नाही, बाराही जणांना एकत्र. ते का टिकले ते विचारा. माझा अंदाज आहे की त्यांच्याकडे भेटायला काहीतरी कारण आपसूक होतं. एका प्रयोगशाळेत काम असेल, एका बसने जात असतील, किंवा मेंटॉरने कधीतरी ज्युनियरकडूनच काहीतरी शिकून घेतलं असेल. ते कारण काय होतं ते मला जरूर कळवा. पुढच्या गटांच्या भेटी कशाभोवती बांधायच्या, ते त्यावरून आपण ठरवू.